परदेशी फिरायला जाताना रेकॉर्डर, माइक आणि कस्टम: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की सहलीचे फोटो तर सगळेच काढतात, पण तिथले आवाज पण जपून आणा, आणि त्यावर एवढी पत्रं आली की हा अख्खा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. बहुतेकांना आवाज कसा घ्यायचा हे नाही विचारायचंय, मशीन घेऊन विमानतळावरून धड जाता-येता येईल का ही काळजी आहे, आणि ती काळजी रास्त आहे कारण चांगला रेकॉर्डर आणि दोन माइक म्हटले की लाखाच्या घरात सहज जातं. निवडक प्रश्न घेतेय, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, मला गाड्यांचे आवाज गोळा करायचा नाद आहे, लोकलचे, एसटीचे, टॉय ट्रेनचे. आता बायको-मुलांबरोबर जपानला चाललोय, टोकियो आणि ओसाका. सोबत एक हँडी रेकॉर्डर, दोन कंडेन्सर माइक, हेडफोन आणि माइकवर घालायचं, वाऱ्याचा आवाज अडवणारं केसाळ विंडशील्ड असं सामान आहे. रेकॉर्डर नवा घेतलेला, त्याचं बिल आहे, पण माइक एका मित्राकडून सेकंड हँड घेतलेत, बिल नाही. जपानच्या कस्टमला काय सांगायचं? ड्युटी लावतील का?
एक वाचक, दादर

उत्तर: दादा, तुमचा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं, कारण जपानमध्ये गाड्यांचे आवाज रेकॉर्ड करणाऱ्यांचा एक मोठा वर्गच आहे, त्यांना तिकडे ओतोतेत्सु म्हणतात, त्यामुळे प्लॅटफॉर्मवर हेडफोन लावून उभ्या राहिलेल्या माणसाकडे तिथे कुणी वळून बघत नाही. टोकियोकडच्या जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीच्या बऱ्याच स्टेशनांवर गाडी सुटायच्या आधी छोटी धून वाजते आणि ती स्टेशनागणिक वेगळी असते, पण गार्डशिवाय गाड्या चालवायला लागल्यापासून काही ठिकाणच्या धुना बंद होतायत, म्हणजे तुम्ही जाताय ते अगदी योग्य वेळी जाताय.

आता कस्टम. जपानमध्ये शिरताना तुमचं स्वतःचं, वापरातलं, मुक्कामात लागणारं आणि परत घेऊन जायचं सामान असेल तर त्यावर ड्युटी नाही. तिकडे जो २,००,००० येनचा आकडा तुम्ही वाचला असेल तो इतर सामानासाठी आहे, म्हणजे भेटवस्तू वगैरे, तुमच्या गळ्यातल्या रेकॉर्डरसाठी नाही. व्हिजिट जपान वेब या तिथल्या सरकारी साइटवर फॉर्म आधीच भरून क्यूआर कोड घेऊन ठेवा, आणि कुणी विचारलंच तर सरळ सांगा, माझा छंद आहे, गाड्यांचे आवाज घेतो, सगळं परत नेणार आहे. विकायला आणल्यासारखं दिसू नये एवढं बघा, म्हणजे सीलबंद खोक्यात एकाच मॉडेलचे तीन-तीन माइक असं नको.

आणि हे काही कुणी अधिकारी मेहेरबानी करतो म्हणून नाही. १९५४ साली न्यूयॉर्कला पर्यटकांच्या कस्टम सवलतींसाठी एक आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात प्रवाशाने सोबत नेलेल्या कुठल्या वस्तू तात्पुरत्या, ड्युटी न भरता आत येऊ द्यायच्या त्याची यादीच दिलीय. त्यात एक दुर्बीण, एक वाद्य, एक टाइपरायटर, एक पोर्टेबल ग्रामोफोन आणि दहा रेकॉर्ड, आणि त्याच रांगेत चक्क "आवाज रेकॉर्ड करायचं एक पोर्टेबल यंत्र" आहे! टेपरेकॉर्डर म्हणजे पेटी उचलल्यासारखं वजन असायचं त्या काळात कुणीतरी हा विचार केला होता. पुढे १९९० च्या इस्तंबूल करारातही प्रवाशांच्या वैयक्तिक सामानात ध्वनिमुद्रणाची यंत्रं आहेत. प्रत्येक देशाचे स्वतःचे नियम वेगळे असतातच, पण फिरायला आलेल्या माणसाकडे रेकॉर्डर असणं ही जगभर मान्य गोष्ट आहे, त्यामुळे चोरून नेल्यासारखं नेऊ नका.

मला तुमच्या पत्रात काळजी वाटली ती वेगळ्याच जागी. तुम्ही जपानचं विचारलंत, परत येतानाचं काहीच विचारलं नाहीत. खरा प्रश्न मुंबईला टी-टूवर उतरल्यावर येतो, कारण तिथला अधिकारी तुमची बॅग बघतो तेव्हा त्याला दिसतं ते जपानी बनावटीचं महागडं यंत्र आणि जपानहून आलेला माणूस, आणि हे तुम्ही इथूनच नेलं होतं हे त्याने कशावरून मानायचं? आपल्या बॅगेज रूल्समध्ये वापरलेल्या वैयक्तिक वस्तूंना सूट आहे पण त्यांची व्याख्या रोजच्या गरजेच्या वस्तू अशी केलीय, कपडे, चष्मा, दाढीचं सामान हे त्यात सरळ बसतं, कंडेन्सर माइक बसतो की नाही यावर काउंटरवर वाद घालत बसण्यात अर्थ नाही, तेही रात्री अडीच वाजता, झोपलेली पोरं खांद्यावर घेऊन.

यावर साधा उपाय आहे आणि तो जातानाच करायचा असतो. त्याला एक्सपोर्ट सर्टिफिकेट म्हणतात. टी-टूवर डिपार्चरला गेलात की बॅग एअरलाइनच्या ताब्यात द्यायच्या आधी कस्टमचं काउंटर विचारून घ्या, तिथे पासपोर्ट, तिकीट आणि प्रत्यक्ष वस्तू दाखवायची, अधिकारी कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर आणि किंमत लिहून सही-शिक्का मारून कागद देतो. परत येताना कुणी विचारलं की तो कागद पुढे करायचा, विषय संपला. हे सक्तीचं नाही, ही सोय आहे, आणि हजार-दोन हजारांच्या व्हॉइस रेकॉर्डरसाठी मी कुणाला सांगणार नाही, पण तुमच्या सामानासाठी नक्की घ्या. त्यासाठी घरून नेहमीपेक्षा तासभर तरी आधी निघा, कारण काउंटरवर माणूस जागेवर असेलच असं नाही, बोलवावा लागतो, आणि सहार रोडचा ट्रॅफिक तुम्हाला माहितीच आहे. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, वस्तू चेक-इनच्या बॅगेत गेली की संपलं, न बघता सर्टिफिकेट मिळत नाही.

माइकचं बिल नाही म्हणून घाबरू नका, अधिकारी मुख्यतः वस्तू आणि तिचा नंबर बघतो, बिलाचा उपयोग किंमत ठरवायला होतो. मित्राकडून साध्या कागदावर सही घेऊन ठेवा, अमुक तारखेला अमुक नंबरचे माइक इतक्या रुपयांना विकले, आणि पैसे यूपीआयने दिले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट. काही छोट्या माइकवर सिरीयल नंबरच नसतो, तिथे स्वतःची बारीक खूण करा आणि फोटो काढा, सर्टिफिकेटवर वर्णनात ती खूण लिहून घ्या. आणखी एक पुरावा तुमच्याकडे आधीच आहे, बऱ्याच रेकॉर्डरच्या वेव फाइलच्या (आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारी फाइल) आतच तारीख, वेळ आणि मशीनचं नाव लिहिलेलं असतं, तेव्हा जुन्या लोकलच्या रेकॉर्डिंगपैकी दोन-तीन फाइल कार्डावर राहू द्या. हे सर्टिफिकेटची जागा घेणार नाही पण बोलताना आधार होतो.

जपानबद्दल आणखी दोन गोष्टी, कस्टमशी संबंध नसल्या तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. टोकियोत वीज ५० हर्ट्झची आणि ओसाकात ६० हर्ट्झची आहे, एकाच देशात दोन, त्यामुळे स्टेशनातल्या ट्यूबलाइट-ट्रान्सफॉर्मरचा हम, म्हणजे विजेची गुणगुण, ओसाकात वेगळ्या सुरात येईल, मुंबईच्या सवयीने ५० चा फिल्टर लावून बसाल तर तो जाणार नाही. आणि माइक लांब दांडीवर लावून प्लॅटफॉर्मवर वर धरू नका, तिथे साध्या लोकलच्या ओव्हरहेड वायरमध्ये १,५०० व्होल्ट डीसी असतात, आपल्याकडे तर लोकलच्या वायरमध्ये २५,००० व्होल्ट, ही सवय दोन्हीकडे जीवघेणी आहे.

प्रश्न: माझे सासरे कीर्तन करायचे. त्यांच्या कीर्तनाच्या कॅसेट माझ्याकडे आहेत, ऐंशीच्या दशकातल्या. मुलगी न्यू जर्सीला असते, तिच्याकडे सहा महिने चाललेय तर कॅसेट आणि जुना टेपरेकॉर्डर घेऊन जावा, नातवंडांना आजोबांचा आवाज ऐकवावा असं मनात आहे. पण शेजारच्या म्हणाल्या एअरपोर्टच्या मशीनमध्ये कॅसेट पुसली जाते. खरं का? आणि अमेरिकेत कस्टमवाले अडवतील का?
एक आजी, ठाणे

उत्तर: काकू, कॅसेट पुसली जात नाही, निर्धास्त राहा. ही भीती फोटोच्या फिल्मवरून आली असणार, न धुतलेला रोल एक्स-रेने खराब होऊ शकतो कारण फिल्मवर किरणांचा परिणाम होतो. कॅसेटच्या टेपवर आवाज असतो तो लोहचुंबकाच्या रूपात, एक्स-रेला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. कॅसेटचा खरा शत्रू चुंबक, मग तो स्पीकरमधला असो, हेडफोनमधला असो, नाहीतर पर्सच्या बटणातला, कारण आजकाल बऱ्याच पर्सना चुंबकाचं बटण असतं आणि बायका नेमक्या त्याच पर्समध्ये जपायची वस्तू ठेवतात. कॅसेट साध्या चेनच्या पिशवीत ठेवा, टेपरेकॉर्डरच्या स्पीकरला चिकटून नको, आणि चेक-इनच्या बॅगेत अजिबात घालू नका. पुसल्या जातील म्हणून नव्हे, बॅग हरवली तर सासऱ्यांचा आवाज परत कुठून आणणार?

अमेरिकेचं म्हणाल तर तिथे पाहुणे म्हणून जाणाऱ्याचं स्वतःच्या वापराचं सामान ड्युटीशिवाय जातं, तुमचा टेपरेकॉर्डर आणि कॅसेट त्यातच आले. भेटवस्तूंसाठी १०० डॉलरपर्यंतची वेगळी सूट आहे, ती सोन्याच्या मण्यांसाठी आणि पैठणीसाठी धरा. कुणी विचारलंच तर म्हणा, फॅमिली रेकॉर्डिंग्ज, ओल्ड कॅसेट्स. कस्टमचा जास्त वेळ तुमच्या लोणच्या-पापडात जाईल, ते खाद्यपदार्थ म्हणून नीट जाहीर करा, तिथे लपवाछपवी केली तर मात्र दंड बसतो.

टेपरेकॉर्डर पाच किलोचा असेल तर सरळ घरी ठेवा. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि तिकडे १२० व्होल्ट, जुनं मशीन आपल्या व्होल्टेजवरचं असलं तर तिथे नीट चालणारच नाही, ट्रान्सफॉर्मर आणा, पिन बदला, हे सगळं नातवंडांसमोर करत बसणार का?

पण काकू, मला मनापासून सांगायचंय ते वेगळंच. जायच्या आधी या कॅसेट डिजिटल करून घ्या. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत टेपला बुरशी धरते, कॅसेटच्या खिडकीतून बघा, टेपच्या गुंडाळीच्या कडेला पांढुरकी भुकटीसारखी दिसतेय का. दिसली तर ती कॅसेट लावून बघू नका, कितीही मोह झाला तरी, कारण ती बुरशी मशीनच्या हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटवर पण जाते, शिवाय चिकटलेली टेप ओढली जाऊन तुटते. आधी साफ करून घ्यायची आणि मगच वाजवायची, हे काम जुन्या टेप हाताळणाऱ्या माणसाकडून करून घ्या, नुसत्या मोबाइल रिपेअरवाल्याकडून नको. ज्या चांगल्या आहेत त्या एखाद्या चांगल्या कॅसेट डेकवरून कॉम्प्युटरवर वेव फाइलमध्ये घ्या, एमपीथ्री नातेवाइकांना व्हॉट्सॅपवर पाठवायला ठीक आहे पण जपायला वेवच. मग पेन ड्राइव्ह घेऊन जा, एक प्रत ठाण्यात राहू दे, एक मुलीकडे. मूळ कॅसेटमधली एखादी नातवंडांच्या हातात द्यायला जरूर न्या, त्यांना ती बघायला मजा वाटेल, बाकीच्या घरीच बऱ्या.

आणि प्रत्येक कॅसेटवर कुठलं कीर्तन, कुठलं गाव, साथीला कोण, हे तुम्हाला आठवतंय तेवढं आत्ताच लिहून काढा. मशीनला ते सांगता येणार नाही.

प्रश्न: माझ्या रेकॉर्डरला डबल ए सेल लागतात, शिवाय २०,००० एमएएचची पॉवर बँक आणि कॅमेऱ्याच्या लाइटची मोठी बॅटरी असते. कुठल्या बॅगेत काय टाकायचं? प्रत्येक जण वेगळं सांगतो.
कॉलेज विद्यार्थी, बोरिवली

उत्तर: अरे, हे कस्टमचं नाही, सिक्युरिटीचं आहे, आणि नियम वाटतो तेवढा किचकट नाही. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक फक्त हँड बॅगेजमध्ये, चेक-इनमध्ये कधीच नाही, कारण पोटातल्या सामानात आग लागली तर विझवायला कुणी पोचत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत मावणारी ऊर्जा) परवानगी लागत नाही, १०० ते १६० मध्ये एअरलाइनची आधी परवानगी आणि तरी जास्तीत जास्त दोन, १६० च्या वर प्रवासी म्हणून नेताच येत नाही. वॉट-अवर काढायचं म्हणजे एमएएच गुणिले व्होल्ट भागिले १,०००. तुझी पॉवर बँक २०,००० गुणिले ३.७ भागिले १,०००, म्हणजे ७४, चालेल. लाइटची बॅटरी ७.२ व्होल्ट आणि ६,६०० एमएएचची असेल तर साधारण ४७.५, तीही चालेल. बॅटरीवरचा छापलेला आकडा पुसट झाला असेल तर मात्र सिक्युरिटीवाला ठेवून घेऊ शकतो, तेव्हा लेबल जप. किती नग चालतात ते एअरलाइनप्रमाणे बदलतं, तिच्या साइटवर बघ.

सुट्या डबल ए सेलना प्लास्टिकची छोटी डबी घे, खिशात चिल्लर आणि चाव्यांबरोबर टाकू नकोस, आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी असेल तर तिच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लाव. रेकॉर्डर, माइक, केबल एका पारदर्शक पाऊचमध्ये ठेवून ट्रेमध्ये वेगळं काढ, केबलची नीट वेटोळी करून बांध. वायरींचा गुंता, त्यात बॅटरी आणि धातूची नळी हे एक्स-रेच्या पडद्यावर कसं दिसत असेल याचा विमानतळाची सुरक्षा बघणाऱ्या सीआयएसएफच्या माणसाच्या जागी बसून विचार कर, मग बॅग उघडायला लावली तरी राग येणार नाही.

प्रश्न: आम्ही दोघं नवरा-बायको व्हिडिओ बनवतो, युरोप आणि नंतर अमेरिका करणार आहोत. कॉलर माइक वायरलेस आहेत, एक जुना यूएचएफ सेट पण आहे. शिवाय पेनसारखा दिसणारा एक ब्लूटूथ माइक घेतलाय, रस्त्यातल्या लोकांशी बोलताना बरा पडतो. यात काही अडचण?
एक जोडपं, कांदिवली

उत्तर: आहे, आणि ती विमानतळापेक्षा रस्त्यावर जास्त आहे.

पेन आधी घरी ठेवा. जर्मनीत दिसायला साधी वस्तू पण आतून गुपचूप आवाज बाहेर पाठवणारं यंत्र बाळगणंच कायद्याने बंद आहे, आणि हे ते किती मनावर घेतात तर २०१७ साली त्यांच्या सरकारी यंत्रणेने माय फ्रेंड कायला नावाच्या बोलक्या बाहुलीवर बंदी घातली, कारण तिच्या पोटात ब्लूटूथ माइक होता आणि बाहुली बघून कुणाला ते कळत नव्हतं. लहान मुलांच्या बाहुलीचं हे, मग तुमच्या पेनचं काय होईल ते बघा. त्याशिवाय जर्मन दंडसंहितेच्या कलम २०१ प्रमाणे कुणाचं खाजगी बोलणं परवानगीशिवाय रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुबईत थांबून जाणार असाल तर तिथेही दुसऱ्याचं बोलणं संमतीशिवाय रेकॉर्ड करणं गुन्हाच आहे. रस्त्यावरचा कोलाहल, चर्चच्या घंटा, ट्राम हे वेगळं, माणसाचं बोलणं वेगळं. माइक दिसेल असा धरा, आधी विचारा, आणि तो माणूस हो म्हणाला ते पण रेकॉर्डमध्ये येऊ द्या. मला विचाराल तर कायदा नसता तरी हेच करावं, विचारून घेतलेल्या बोलण्यात माणूस मोकळा होतो, चोरून घेतलेल्यात काही रस नसतो.

वायरलेसचं असं आहे की २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे छोटे नवे सेट जवळपास सगळीकडे चालतात, तुमचे कॉलर माइक बहुतेक तेच असणार. जुना यूएचएफ सेट मात्र बघा, तो कुठल्या रेडिओ लहरींवर चालतो ते त्याच्या मागे मेगाहर्ट्झमध्ये लिहिलेलं असतं. अमेरिकेत ६१७ ते ६५२ आणि ६६३ ते ६९८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत वायरलेस माइक वापरणं १३ जुलै २०२० पासून बंद आहे, ती जागा मोबाइल कंपन्यांना विकली गेली. ब्रिटनमध्ये ८६३ ते ८६५ ला लायसन्स लागत नाही, बाकी बऱ्याच ठिकाणी लागतं. आपल्याकडे वर्षानुवर्षं बिनदिक्कत चालवलेला सेट तिकडे बेकायदा असू शकतो. त्यापेक्षा वायरवाला कॉलर माइक न्या, स्वस्त, हलका, आणि कुठल्याही देशात कुणी नंबर विचारणार नाही.

प्रश्न: आमचा छोटा ग्रुप लंडनला मंडळाच्या गणपतीत कार्यक्रम करायला चाललाय, मानधन आहे. सोबत मिक्सर, आठ माइक, रेकॉर्डर, पेटी, तबला. टुरिस्ट म्हणून नेलं तर चालेल ना?
एक तबलजी, गिरगाव

उत्तर: दादा, नाही. वर मी जे सगळं लिहिलं ते फिरायला जाणाऱ्यांसाठी, आणि तुम्ही कामाला चालला आहात. अशा सामानासाठी एटीए कार्नेट नावाची कागदांची पुस्तिका असते, १९६१ च्या करारातली, आपल्याकडे ती फिक्की ही उद्योगांची संघटना देते. एक वर्षापर्यंत चालते, त्यात प्रत्येक वस्तूची नंबरासकट यादी असते, निघताना, तिकडे शिरताना, तिकडून निघताना आणि परत येताना दरवेळी कस्टमचा शिक्का घ्यायचा. एक जरी शिक्का राहिला तर वस्तू तिकडेच विकली असं धरून पैसे मागतात, म्हणून ग्रुपमधल्या सगळ्यात शांत डोक्याच्या माणसाकडे ती पुस्तिका द्या. सिक्युरिटी म्हणून रक्कम किंवा बँक गॅरंटी द्यावी लागते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात धावाधाव करू नका. व्हिसा कुठला लागेल ते मंडळालाच लेखी विचारा. आणि पेटी-तबला तुमचे, पण मिक्सर आणि माइक मंडळाला तिथेच भाड्याने घ्यायला सांगता आले तर अर्धं ओझं इथेच उतरेल.

प्रश्न: सिंगापूरहून येताना एक चांगला रेकॉर्डर विकत घ्यायचाय, इथल्यापेक्षा स्वस्त पडतो. मुलगा म्हणतो खोकं फेकून दे, गळ्यात अडकव, ग्रीन चॅनेलने, म्हणजे कस्टमला सांगण्यासारखं काही नसणाऱ्यांच्या वाटेने, निघून ये. बरोबर आहे का?
एक वाचक, चेंबूर

उत्तर: नाही हो. आणि मी हे नुसतं भीती घालायला म्हणत नाही. तिकडे टॅक्स रिफंड घेतला असेल तर पासपोर्टच्या नावावर खरेदीची नोंद असते, नव्या यंत्राचा सिरीयल नंबर आणि वॉरंटी तुमच्या नावावर त्याच आठवड्यातली, आणि पकडलं गेलं तर ड्युटीवर दंड, शिवाय वस्तू जप्त होऊ शकते. मग स्वस्त काय राहिलं?

सरळ रस्ता काही वाईट नाही. परत येणाऱ्या प्रवाशाला ठरावीक रकमेपर्यंत नव्या वस्तूंवर ड्युटी माफ असते. ही रक्कम सरकार वाढवत आलंय, २०१४ ला ३५,००० ची ४५,००० झाली, २०१६ च्या नियमांत ५०,००० झाली, त्यामुळे कुणा मित्राच्या जुन्या आकड्यावर विसंबू नका, निघायच्या आठवड्यात सीबीआयसीच्या (कस्टम बघणारं केंद्र सरकारचं मंडळ) साइटवर चालू आकडा बघा. रेकॉर्डर त्यात बसत असेल तर बिल खिशात ठेवा आणि ग्रीन चॅनेलने ताठ मानेने या. बसत नसेल तर कस्टमच्या अतिथी अ‍ॅपवर आधीच जाहीर करा आणि रेड चॅनेलला, म्हणजे ड्युटी भरणाऱ्यांच्या वाटेला, जा, वरच्या रकमेवरच ड्युटी लागते, पूर्ण किमतीवर नाही. एक चूक बरेच जण करतात, नवरा-बायकोची सवलत एकत्र करून एक मोठी वस्तू आणायला बघतात, तसं चालत नाही, प्रत्येकाची सवलत ज्याची त्याची.

दुकानात घेताना एवढं करा, बिलावर सिरीयल नंबर छापून घ्या आणि वॉरंटी भारतात चालते का ते विचारा. बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी त्या त्या देशापुरतीच असते, आणि इथे बटण बिघडलं की पाठवायचं कुठे हा प्रश्न पडतो. हा हिशोब धरून लॅमिंग्टन रोडला बिलासकट किती पडतो ते आधी विचारून या, फरक दोन-चार हजारांचाच निघाला तर इथूनच घ्या, आणि पुढच्या ट्रिपला जाताना त्याचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट काढा.